कळलावीच्या रानातली ठकाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, पायरवाडीवरचं रान दिवसाही अंधारं असायचं तेव्हाची. त्या गावात ठकाई नावाची सुईण होती. तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही, असं म्हणतात. बाई अडली की ती तळव्यांना कळलावीच्या ताज्या कंदाचा लेप लावी आणि बाई सुटे.

पण एका वैशाखात तिची स्वतःचीच लेक, येसू, अडली. आता आली का पंचाईत! कळलावी उगवते पावसात. पानांच्या वळलेल्या टोकांनी शेजारची झुडपं धरत वर चढते, आधी पिवळी नि मग लालभडक फुलते आणि दिवाळीनंतर वाळून जाते. उन्हाळ्यात तिची काडीही दिसत नाही.

ठकाई जावयाला, रावजीला, घेऊन रानात धावली. गेल्या पावसात वेल होता तिथं खणलं, तर हाती आलं जुन्या कंदाचं पोकळ साल. मग तिला आठवलं, हा कंद दर वर्षी टोकाशी नवा कंद धरतो आणि आपण कुजतो. वेल असा मातीखालून सरकत राहतो. सालाचं टोक जिकडे होतं तिकडे, घळीत, ती घाईनं उतरली आणि घसरली. पाय मुरगळला. तरी बसल्या जागी तिनं नखांनी माती उकरली आणि कंद काढला.

"धावा, जावईबापू! लेकरू भाईर आलं की लगीच लेप धुवा, ईख हाय त्ये. अन् येसू सुटली की खिंडीतनं हाक द्या. तवर माज्या जिवात जीव न्हाई."

रावजी गेला. ठकाई कान लावून बसली. ऊन कललं, पाखरं परतली, पण हाक काही येईना. लेप धुवायला विसरले असतील का? कंद उशिरा पोचला असेल का? लेक गेली असेल का? बिचारीला काही सुचेना.

इकडे येसू कधीच सुटली होती. लेप धुण्याची गडबड, मुलगी झाल्याचा आनंद, गूळ वाटायची घाई, यात हाकेचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. दिवेलागणीला येसूनंच विचारलं, "आयला सांगितलं न्हवं?"

सगळ्यांचे चेहरे उतरले. माणसं धावत घळीत गेली, तर ठकाई तिथं नव्हती. भर वैशाखात, कोरड्या मातीत कळलावी लालभडक फुलली होती आणि तिच्या पानांची सगळी टोकं गावाकडे वळली होती, असं म्हणतात.

तेव्हापासून पायरवाडीत बाप बाळाचं तोंड मागाहून पाहतो. आधी खिंडीत जातो आणि रानाकडे तोंड करून ओरडतो, "ठकाई, सुटली गं!"

आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडतो.