खारीची आवळासुपारी

सागवानाच्या एका रानात एक खार नव्यानेच राहायला आली. मुलांनो, तिचा नवरा सिंहराजाच्या सैन्यात होता. त्याची पलटण सरहद्दीवर जिथे जाई, तिथल्या जवळच्या रानात खारीला पिल्लांसकट बिऱ्हाड हलवावे लागे. खार आवळासुपारी फार सुरेख करीत असे. आवळे किसायचे, आले-सैंधव लावायचे आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायचे. तीन रानांत तिने दुकान थाटले, आणि गिऱ्हाइके जमू लागली की तिन्ही वेळा बदलीपायी ते मोडावे लागले.

येथे बाजाराचा मुखिया होता एक कोल्हा. खार त्याच्याकडे गेली. "सैनिकाची पत्नी! आम्हांला केवढा अभिमान!" कोल्हा म्हणाला.

"मग वडाखालची रिकामी जागा मला द्याल का?"

कोल्ह्याने तोंड वाकडे केले. "असं आहे वहिनी, तुम्ही आज इथे, उद्या तिथे. जागा कायम राहणाऱ्यांसाठी असते. आणि नवरा नोकरीत असताना हा उद्योग कशाला? वेळ जात नाही वाटतं?"

खारीची शेपटी ताठ झाली. "वेळ? पिल्लं तापानं फणफणली तरी मी एकटी, बिऱ्हाड बांधायचं तरी मी एकटी! मला हे काम येतं, म्हणून मी ते करते."

कोल्हा नुसता हसला. खार मात्र टोपली घेऊन झाडोझाड हिंडली. महिन्याभरात हत्तिणीपासून सांबरापर्यंत सगळे तिची सुपारी मागू लागले.

पुढे विजयदिन आला. कोल्ह्याने सभा भरवली, खारीला बोलावले आणि हार हातात घेऊन तो म्हणाला, "या माउलीचा त्याग..."

"हार खाली ठेवा!" खार कडाडली. "माझा नवरा पहारा देतो, म्हणून तुमचा बाजार निर्धास्त भरतो. त्या बाजारात मला हातभर जागा नाही! त्याग मी केला नाही. तो तुम्ही माझ्याकडून करवून घेतलात!"

म्हातारी हत्तीण उठली. "मुखिया, वडाखाली बसायला हिला कोण अडवतं?" कोल्ह्याने हार खाली ठेवला. त्याच दिवशी खारीचे दुकान वडाखाली लागले.

वर्षभराने बदलीचा हुकूम आला. कोल्हा लगबगीने आला. "चला, जागा मोकळी झाली!"

"नाही झाली," खार म्हणाली. दुसऱ्या एका सैनिकाची बायको असलेल्या हरिणीला तिने सगळे काम शिकवले होते. "आता ही बसेल. हिची बदली झाली की हिच्यामागून येणारी बसेल. पुन्हा कोणी दुकान मोडणार नाही."

हरिणी दुकानात जाऊन बसली आणि खार पिल्लांना घेऊन वाटेला लागली. तिचा राग निवला नव्हता. तो निवावा असे तिला वाटतही नव्हते. पुढच्या रानात तिला त्याची गरज होती.

तात्पर्य : रक्षण करणाऱ्याचे गोडवे गायचे आणि त्याच्या घरच्यांच्या कष्टाला मात्र दार लावायचे, हा सन्मान नव्हे, अपमान होय, आणि अपमान गिळायचा नसतो.