दात काढल्याशिवाय झोप नाही

एका राज्यात कोणालाच झोप येत नसे. आया अंगाई म्हणत, बाळे टक्क डोळ्यांनी ऐकत, आणि शेवटी आयाच रडू लागत. पहारेकरी रात्रंदिवस जागे असत, पण त्याचे कौतुक करण्याइतकी हुशारी कोणात उरली नव्हती. राजा मणिभद्र सिंहासनावर नुसता टेकून असे. मुकुट डोळ्यांवर घसरला तरी तो वर सारायचा त्याला कंटाळा येई.

झाले होते ते असे. तमाला नावाची चेटकीण एकदा भर दरबारात आली होती. मागे भुंगा नावाचा काळा कुत्रा, काखेत शेवंती नावाची मांजर.

"राजा," ती म्हणाली, "यांचे दात काढ. डोंगर हलवणारी माझी विद्या माझ्याच लेकरांवर चालत नाही."

कुत्र्यामांजरांचे दात, आणि ते म्हणे राजाने बघायचे! राजाने दात काढले. ते पाहून प्रधानाने काढले, आणि मग अख्खा दरबार खो खो हसत सुटला.

"दात काढल्याशिवाय आता या राज्यात कोणाला झोप नाही," तमाला म्हणाली, आणि दोन्ही जनावरे तिथेच सोडून धूर होऊन निघून गेली.

आता एवढे ऐकल्यावर एखाद्याने जनावरांच्या तोंडाकडे पाहिले असते. पण सगळ्यांच्या तोंडावर हसू होते, म्हणून सगळ्यांनी अर्थही हसण्याचाच घेतला. हसल्याशिवाय झोप नाही काय? मग हसा! विदूषक आले, बहुरूपी आले, घरोघरी हसण्याची सक्ती झाली. माणसे जबडे दुखेस्तोवर हसली आणि तांबारलेल्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत बसली. अंगणात भुंगा एकाच बाजूने चावत होता आणि अर्धा घास खाली सांडत होता. शेवंतीच्या तोंडातून लाळ गळत होती. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

राजाची एकुलती एक लेक हेमांगी मात्र वाळत चालली. राजवैद्य म्हणाला, "महाराज, झोप आली नाही, तर राजकन्या आता फार दिवस काढणार नाहीत."

राजा अंगणाच्या पायरीवर मटकन बसला. तोच समोरच्या भिंतीवर एक भारद्वाज येऊन उतरला आणि बोलू लागला.

"महाराज, आणखी किती दात काढणार? तिने उपटायला सांगितले होते."

राजाने भुंग्याकडे पाहिले. त्याला स्वतःची चीड आली, पण चिडायलाही अंगात त्राण लागते.

"उपाय सांग," तो म्हणाला.

"कामे तीन. ज्याने आधी दात काढले, त्यानेच करायची. डोंगरावरून निद्रावल्लीची पाने आण. पाताळातल्या लोहाराकडून चिमटा आण. आणि दोघांची तोंडे उघडून दुखरे दात शोध."

"यात अवघड कोणते?"

"शेवटचे."

राजा डोंगर चढला. निद्रावल्लीला वेटोळे घालून अजगर बसला होता. राजाने तलवारीला हात घातला.

"राहू दे," अजगर म्हणाला. "ने ती पाने. मलाही झोपायचे आहे रे बाबा."

वेलीला दोनच पाने होती. त्यांच्या वासानेच राजाला जांभई आली. एक पान हुंगावे आणि इथेच आडवे व्हावे, असे त्याला फार वाटले. पण तो उतरला आणि पाताळात गेला.

"मऊ सोन्याचा चिमटा लागेल," लोहार म्हणाला. "मुकुट दे."

राजाने मुकुट काढून दिला. डोके हलके झाले, हेच त्याला पुष्कळ वाटले.

तो परतला तेव्हा सकाळ झाली होती. तो हेमांगीच्या बिछान्याशी गेला, तसा तिला पानांचा वास आला.

"तात, एक पान मला द्या ना."

राजाचा हात पुढे गेला. खिडकीत येऊन बसलेला भारद्वाज म्हणाला, "एका पानाची झोप एका दुपारपुरती."

"नाही देता येत, बाळ," राजा म्हणाला. हेमांगीने भिंतीकडे तोंड फिरवले. राजा पाने मुठीत धरून अंगणात गेला.

तोंडात उजेड पडावा म्हणून तो उन्हात बसला. भुंगा आधी कडकडून चावला. राजाने रक्त पुसले आणि त्याची हनुवटी खाजवत राहिला. बऱ्याच वेळाने भुंग्याने मान सैल सोडली. राजाने हळूच ओठ वर केला. सडका भपकारा आला. दातांवर किटणाचा पिवळा थर होता, आणि मागे एक दाढ तडकून हिरडी टरटरून सुजली होती.

"हे घेऊन तू एवढे दिवस कसा रे जगलास?" राजा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

शेवंतीला त्याने शालीत गुंडाळले, कारण तिच्या नख्यांना राजा काय आणि रंक काय, सारखेच. तिचाही एक दात मुळाशी किडला होता. मग दोघांना एकेक पान हुंगवले. दोघे निजली. राजाने किटण खरवडले, सोन्याच्या चिमट्याने भुंग्याची दाढ काढली, शेवंतीचा दात काढला.

दुसरा दात बाहेर आला आणि शाप सुटला. प्रधान खांबाला टेकून झोपला. विदूषक कोलांटीच्या मध्येच आडवे झाले. आतून हेमांगीचा संथ श्वास ऐकू आला आणि राजाला हुंदका आवरेना. आता त्याच्याही पापण्या मिटू लागल्या.

"महाराज," भारद्वाज पेंगत म्हणाला, "गुंगीतल्या जनावराला एकटे टाकू नये. डोके उतरते ठेवा. रक्त घशात उतरले तर..." आणि तोही झोपला.

सगळ्या राज्यात एकटा राजा जागा राहिला. त्याने भुंग्याचे डोके मांडीवरून उतरते धरले, शेवंतीला कुशीत घेतले. दारात आलेल्या झोपेला तो परत पाठवत होता. मान कलली की स्वतःला चिमटा काढत होता. ओठांवरचे रक्त कापसाने टिपत होता.

ऊन कलू लागले तेव्हा तमाला आली. तिने वाकून दोघांची तोंडे पाहिली, वास घेतला.

"यापुढे रोज फडक्याने दात घासावे लागतील," राजा जड जिभेने म्हणाला. "नाहीतर पुन्हा थर चढेल."

"घासीन," तमाला म्हणाली. तिने भुंग्याच्या डोक्याखाली हात घातला. "सरक, राजा. आता मी बसते. तू नीज."

अंगणातल्या फरशीवर, चेटकिणीच्या पायाशी, राजा केव्हाच घोरू लागला होता. आपणही आता हळू बोलू.