हाक कोण देतं?

"वानरांनी साथ सोडली... आता रानकुत्रे इकडे..." असं ओरडत टिटवी ओढ्यावरून गेली आणि पुढचं वाऱ्यात विरलं. रान नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. डोंगरापलीकडे वानरं झाडावरून हाक देत, म्हणून हरणं रानकुत्र्यांपासून वाचत.

डोंगराच्या अलीकडे सशिणीची पिल्लं गवतात उघडी होती. ती म्हणाली, "मोरभावजी, तुम्ही उंच बसता. रानकुत्रे दिसले तर हाक द्याल ना?"

"अहो वहिनी, त्यांची भांडणं त्यांच्यापाशी! टिटवीला तर आभाळ पडायचीही भीती," मोर हसला.

रानकुत्रे अजून तरी आले नाहीत. आली ती लंगडणारी हरिणी, पाडसाविना. पाणी पिऊन म्हणाली, "वानरं गेली हो आमची. इथे हाक कोण देतं?"

सशीण मोराकडे बघत राहिली. मोर पिसं साफ करत होता.