सिलिंडरला लावलेले कुंकू

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिच्याशीच भांडत होती, आणि भांडण ऐन रंगात आले होते.

“तुम्हीसुद्धा, बाई? तुम्हीसुद्धा त्या कंपनीचंच सिलिंडर आणलंत? वर कुंकू लावलंत, नारळ फोडलात!”

“नवी वस्तू घरात आली की कुंकू लावतात,” म्हातारी पीठ मळता मळता म्हणाली. “खोबरं वाटीत आहे. घे.”

“माझ्या गोबरगॅसला कुणी बोटभर कुंकू लावलं होतं?”

शिष्येचे दुःख खोटे नव्हते. गुरूच्याच शब्दावरून तिने खड्डा खणवला, डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या आणि अकरा घरांपुरता गॅस उभा केला. त्यांतली नऊ घरे एकेक करून गळाली. ज्या घरात कंपनीचे लाल सिलिंडर शिरे, तिथे आपल्या संसारात सवतच आल्यासारखे तिला होई. आज गुरूही गेली. उरले एकटे तिचे घर, आणि एका घराच्या शेणावर ती टाकी चालणार नव्हती.

“ती कंपनी कोण, विसरलात?” ती कडाडली. “नव्वद वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून दिव्याचं तेल घेऊन आली. गावोगावचे तेलघाणे बंद पाडले. नदीकाठची जमीन घेतली, मासळी मारली. राज्य बदललं तशी पाटी बदलली, माणसं तीच. तेलाचं पेट्रोल झालं, पेट्रोलचा गॅस झाला. आता म्हणे सूर्यही विकणार आहेत!”

“पाठ चोख आहे,” म्हातारी म्हणाली. “आता सांग, त्या नऊ घरांतल्या तान्हूबाईनं तुझा गॅस का सोडला?”

“मिरवायला. दुसरं काय!”

“आणि मी?”

कंपनीचा नव्वद वर्षांचा इतिहास शिष्येला मुखोद्गत होता. हे एक मात्र तिला ठाऊक नव्हते.

“पौषात गारठा पडला, तुझी ज्योत एवढीशी झाली. ज्वारीची भाकरी तव्यावर वाळायची, फुगायची नाही. तीनदा निरोप धाडला तुला. तू तालुक्याला, कंपनीच्या पापांवर भाषण ठोकायला गेलेली! इकडे कंपनीचा माणूस आला. आल्या आल्या काय विचारलं त्यानं? ‘आजी, भाकरी फुगते का?’ लबाड आहे मेला, त्याला विकायचं होतं. पण विचारलं त्यानं.”

“म्हणजे ते सज्जन, आणि मी वाईट!”

“सज्जन?” म्हातारीचा हात पिठात थांबला. “अगं, त्यांनी बंद पाडलेल्या घाण्यांत माझ्या बापाचा घाणा होता. चाळीस वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. त्यांच्या तेलाचा एक थेंब आटला नाही. मग एकदा शेजारीण बोलून गेली, तुझ्या बापाचं तेल फार धुरकायचं गं, डोळे चुरचुरायचे आमचे. बापानं कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. आम्ही म्हणायचो, गिऱ्हाईक फितूर झालं.”

तिने पुन्हा पीठ रगडले. “शेण कोमट पाण्यात कालव. टाकीवर पाचटाचा जाड थर दे. थंडीतही ज्योत धरेल. पण आधी नऊ घरांच्या पायऱ्या चढाव्या लागतील, आणि तिथं भाषण नाही करायचं, विचारायचं.”

“त्या बायांच्या दारी मी जाऊ?” शिष्येचा आवाज फाटला. “त्या मला सोडून त्यांच्याकडे गेल्या, बाई! त्यांच्याकडे!”

म्हातारीने हातांचे पीठ झटकले आणि प्रथमच तिच्याकडे वळून पाहिले.

“त्यांनी नव्वद वर्षं जळण विकलं, पोरी, आणि आपण नव्वद वर्षं नुसत्या जळलो, त्या जळण्यावर कुणाची एक भाकरी तरी भाजली का?”