पहिल्या पावलाचं पदक

कुरुंदगडच्या महाराजांपुढे मोठाच पेच पडला होता. सोन्याचं पदक घडवून तयार होतं आणि ते घालायला गळाच मिळत नव्हता!

रुस्तुमराव महाराजांना नकाशांचं भारी वेड. ‘जिथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही, तिथे जो पहिलं पाऊल टाकेल, त्याला हे पदक!’ अशी दवंडी पिटून तीन वर्षं झाली होती. आज अखेर सरदार हैबतराव दरबारात छाती काढून उभे होते. त्या छातीवर आधीचीच अकरा पदकं लटकत होती.

“सात डोंगर ओलांडले, महाराज! पलीकडच्या पठारावर पहिलं पाऊल पडलं ते या हैबतरावाचं!”

महाराजांनी पदक उचललं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी फिसकन हसलं.

ती होती साळू, लखू भोयाची लेक. बापलेकीची नदीवर नाव चाले, आणि सरदारांच्या मोहिमेत पालखी उचलायलाही लखूच गेला होता. या पोरीची जीभ वल्ह्यापेक्षा लांब आहे, असं तो नेहमी म्हणे. ते काही खोटं नव्हतं.

“हसायला काय झालं गं?” महाराज गरजले.

“म्हाराज, पालखीच्या म्होरल्या दांडीला माझा बा व्हता. सरदार आत पडदा सोडून घोरत व्हते. मग पयलं पाऊल सरदारांचं कसं?”

हैबतरावांचा चेहरा पडला. महाराज लखूकडे वळले. “म्हणजे पदक तुझं?”

“न्हाई म्हाराज,” लखू खरं बोलून गेला. “माझ्या फुडं वाट दावायला एक म्हातारा गुराखी व्हता.”

“मग पहिलं पाऊल त्या गुराख्याचं!”

“त्याचं कसलं पयलं? त्याचं घरच हाय तितं. आजा-पणजापासनं!”

सगळा दरबार खो खो हसला. महाराज मात्र हसले नाहीत. ते मुलखाचे हट्टी! पदक परत पेटीत ठेवायचं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटलं.

“साळू, शहाणी आहेस ना? मग आता तूच दाखव! आठ दिवसांत, माझ्याच राज्यात, अशी जागा, जिथे तुझ्याआधी कुणी पाऊल टाकलेलं नाही. आणि साक्षीदार आण. पण साक्षीदारही तिथे चालत गेलेला चालणार नाही, नाहीतर त्याचंही पाऊल पडलं!”

“आणि नाही जमलं तर?” हैबतरावांनी हळूच विचारलं.

“तर नावेचा हक्क तुम्हाला!”

लखूने घरी येऊन कपाळावर हात मारला. “एका हसण्यापायी चूल विझवलीस की गं! आज्याची नाव ती!”

 साळूला दुसरं काही येतच नव्हतं. तिचं सगळं आयुष्य त्या नावेत गेलं होतं. पण ती रडत बसली नाही. भादवा सरत आला होता, नदीचा पूर उतरत होता. रोज सकाळी ती नाव पात्राच्या मधोमध नेई, पाण्यात बांबू घालून बघे आणि परत येऊन म्हणे, “अजून न्हाई.”

“काय अजून न्हाई?” लखू वैतागून विचारी. ती नुसती मान हलवी.

आठव्या दिवशी सकाळी ती घोट्यापर्यंत चिखलाने माखून आली. “बा, नाव धू. म्हाराजांना आनायचं हाय!”

महाराज नावेत बसले. पराभव बघायला हैबतरावही आले, अकरा पदकांसकट. नदीच्या मधोमध साळूने नाव थांबवली. समोर सारवलेल्या अंगणासारखं गुळगुळीत, ओलं, नवंकोरं बेट होतं! त्यावर पावलांची एकच रांग पलीकडे गेली होती आणि शेजारून एकच रांग परत आली होती.

“म्हाराज, हा गाळ यंदाच्या पुरानं आनला. काल हितं कमरभर पानी व्हतं. आज पहाटं बेट वर आलं, आन् मी पाय ठेवला.”

“पावलं कुणाचीही असतील!” हैबतराव ओरडले.

साळूने डावा पाय पुढे केला. त्याची करंगळी लहानपणी माशाने तोडली होती. चिखलातल्या प्रत्येक डाव्या पावलालाही चारच बोटं होती!

“आणि साक्षीदार?” महाराजांनी विचारलं.

“हा काय, गाळ! माझ्याआधी कुनी आलं असतं, तर त्यानं लपवलं नसतं. आन् त्यो सोता कुटं चालत जात न्हाई!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. हैबतरावांना मात्र राहवेना. “थांबा! पलीकडच्या टोकाला नक्की दुसरी पावलं असणार!” म्हणत त्यांनी नावेतून उडी मारली आणि थेट कमरेपर्यंत आत गेले.

“अरे, हात द्या! हात द्या!”

लखूने बांबू पुढे केला. महाराज चकित होऊन म्हणाले, “साळू, तू कशी नाही रुतलीस?”

“चिखल जितं चकाकतो तितं आमी पाय ठेवत न्हाई, म्हाराज. सरदारांना चकाकीचा सोस!”

आता मात्र महाराज इतके हसले, की नाव डुलायला लागली. डोळे पुसत त्यांनी पदक काढलं. “नावेचा हक्क तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहील. आणि हे पदक तुझ्या गळ्यात!”

साळू एक पाऊल मागे सरली. “गळ्यात नगं, म्हाराज. नावंच्या टोकाला ठोका.”

“ते का?”

“कुटंबी गेलो तरी आमच्या सगळ्यांच्या आदी तेच पोचतं. उगं पुन्यांदा भांडान नगं!”