विहिणीचा खडक

कातळबंदरच्या किल्लेदारांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. त्यात आरमारासाठी त्यांच्यापुढे किनाऱ्यावरच्या खडकांच्या दोन वह्या आल्या. एक विसाजीपंत कारकुनाची, दुसरी लखमा तांडेलाची, आणि दोन्ही हुबेहूब सारख्या!

"ह्या नावाड्यानं माझी वही चोरली!" पंत गरजले. "एकेक खडक मी जातीनं मोजलाय."

किल्लेदारांनी दोघांकडेही संशयानं पाहिलं. "चोराचा हात तोडीन. बोल, तांडेला."

तांडेलानं विचारलं, "पंत, बंदराच्या तोंडावरचा विहिणीचा खडकही तुम्हीच मोजलात?"

"अलबत! ओहोटीला त्यावर उभा राहिलो होतो. तळपाय सोलले माझे!"

"सरकार, खिडकीतून बघा. आत्ता भर ओहोटी आहे आणि तुमचं गलबत नेमकं त्याच जागी डुलतंय. पंतांनी माझी वही 'नुसती चाळायला' मागितली, तेव्हाच मला वास आला. म्हणून देण्याआधी तो खडक मी मनानंच त्यात घातला."

पंतांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. ते दार शोधत होते.

त्या किनाऱ्यावरच्या खडकांवर आजवर पुष्कळ तारवं फुटली. नसलेल्या खडकावर फुटले ते एकटे विसाजीपंत.