चाकावरचं खालचं बटण

"म्हणजे मला काम येत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" धैर्यशीलने विचारलं.

बाबालाल उस्तादांनी बशीतला चहा संपवला. कऱ्हाडात विटा रस्त्याला गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान. छत्तीस वर्षांचं. त्यातली शेवटची नऊ वर्षं धैर्यशील त्यांच्या हाताखाली होता.

"येतं की. सगळं येतं," उस्ताद म्हणाले. "त्याचंच काय करावं, या विचारात आहे."

धैर्यशीलला हे बोलणं कळलं नाही. ओगलेवाडीत त्याने स्वतःच्या दुकानासाठी गाळा घेतला होता. सोमवारी नारळ फोडायचा होता, पाहुण्यांना सांगून झालं होतं. राहिला होता फक्त उस्तादांचा होकार. या दुकानातून आजवर चौघे बाहेर पडले, ते चौघेही होकार घेऊनच. न घेता जो गेला असता, त्याच्या दारात या भागातल्या एकाही ड्रायव्हरने गाडी उभी केली नसती.

"मग अडलंय कुठं?"

उस्तादांनी फाटकाकडे हनुवटी केली.

"ही गाडी कर. मग बोलू."

फाटकातून एक जुनी पांढरी गाडी आत येत होती. चालवत होत्या निवृत्त नर्स लोखंडेबाई. शेजारी त्यांचे यजमान रंगनाथकाका, टोपी मांडीवर ठेवून. दोन वर्षांपूर्वी काकांना लकवा मारला होता. हातपाय सुधारले, बोलणं मात्र गेलं ते नीटसं परतलं नाही.

"गाण्यांचा सेट बंद पडलाय, दीड महिना झाला," बाई म्हणाल्या. "भाच्यानं हा नवा पाठवलाय, पडद्याचा. बसवा. पण स्टिअरिंगच्या चाकावरची बटणं राहिली पाहिजेत. ते होत नसेल तर जुनाच दुरुस्त करा."

"चालू करून देतो की बाई बटणं. त्यात काय."

"चालू नाही म्हणाले मी. राहिली पाहिजेत म्हणाले."

"एकच की हो ते," धैर्यशील म्हणाला आणि पान्ह्यांच्या डब्याकडे वळला.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. डॅशबोर्डची चौकट त्याने एक ओरखडा न उठू देता काढली. मागचा, तारा जोडायचा कंपनीचा प्लग तोडला नाही. या दुकानात प्लग तोडणं म्हणजे जेवत्या ताटाला पाय लावणं. चाकाकडून येणाऱ्या दोन बारीक तारा शोधून त्यांना मीटर लावला आणि सहाही बटणं एकेक करून दाबून सहा आकडे पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले.

चाकावरचं बटण 'आवाज वाढव' असं काही सांगत नसतं. दाबलं की तारेतून एक आकडा जातो, प्रत्येक बटणाचा वेगळा. त्या आकड्याचा अर्थ नव्या सेटला शिकवावा लागतो. बटण दाबून धरायचं, सेटला आकडा पोचेपर्यंत बोट उचलायचं नाही, मग पडद्यावरच्या चित्राला हात लावायचा. दुकानात याला 'सेटला चाक शिकवणं' म्हणत.

या गाडीच्या बटणांवरची चिन्हं पुसून गेली होती.

"ते खालचं बटण आहे ना…" बाकावरून बाई म्हणाल्या.

"माहितीय बाई. असली चाकं शंभर तरी हाताळलीत. खालचं रेडिओचं."

बाईंनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद काकांच्या हातात चहाचा कप नीट बसतोय का, ते बघत होते.

चाळीस मिनिटांत काम झालं. धैर्यशीलने हात पुसले.

"एक चक्कर मारू," उस्ताद म्हणाले. "बाई, तुम्हीच चालवा."

बाई आणि काका पुढे, गुरुशिष्य मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. बाईंनी गाणं लावलं. अंगठ्याने आवाज वाढवला, कमी केला, गाणं बदललं. सगळं चाललं. धैर्यशीलने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

एका वळणावर काकांचे ओठ हलले.

बाईंचा अंगठा न बघता खालच्या बटणावर गेला. आणि गाडीत एक मोठा आवाज घुमू लागला. रेडिओवर कुणीतरी उसाला खताचा दुसरा हप्ता कधी द्यावा ते सांगत होतं.

बाईंनी पुन्हा दाबलं. दुसरं केंद्र लागलं.

काकांचे ओठ मिटले. ते समोर बघू लागले.

बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिल्या. त्या रागावल्याही नाहीत.

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे," धैर्यशील घाईने म्हणाला. "ते बटण मी लगेच…"

उस्तादांनी त्याच्या हाताच्या पाठीवर अंगठा ठेवला आणि दाबला.

"उस्ताद?"

अंगठा तसाच.

"अहो, दोन मिनिटं लागतील फक्त. पडद्यावर जाऊन…"

अंगठा तसाच. जोर तेवढा वाढला.

एक टँकर गेला. मागून उसाची ट्रॉली गेली, तिची पाचटं काचेला घासली. धैर्यशील अजून काहीतरी बोलणार होता, ते त्याच्या तोंडातच राहिलं…

मग त्याला चाक दिसलं. पाच बटणांचा नुसता रंग गेला होता. सहाव्याला, खालच्याला, खळगा पडला होता, अंगठ्याच्या आकाराचा. त्यानेच ते बटण तासाभरापूर्वी दाबून आकडा लिहून घेतला होता.

उस्तादांनी अंगठा उचलला.

"बाई," धैर्यशीलने विचारलं, "या बटणानं काय व्हायचं?"

"सेट गप्प व्हायचा." बाई मागे न वळता बोलत होत्या. "गाडी चालत असली, गाणं लागलेलं असलं, की यांना एखादा शब्द सुचतो. घरात नाही सुचत. आवाज इतका बारीक, की गाणं तिथल्या तिथं थांबवावं लागतं. चाकावरचा हात सोडून सेटपर्यंत जाईस्तोवर शब्द गेलेला असतो. पुन्हा विचारलं तर सांगत नाहीत."

"सेट बंद पडल्यापासून…?"

"दीड महिन्यात एक शब्द नाही."

"मघाशी बाकावरनं हेच सांगत होतात?"

"हेच."

धैर्यशील उतरून पुढच्या दाराशी आला. पडद्यावर शिकवायचं पान काढलं. चाकाला मात्र त्याने हात लावला नाही.

"तुम्हीच दाबा बाई. रोज दाबता तसं."

बाईंनी दाबून धरलं. त्याने आवाज बंद करण्याच्या चित्राला बोट लावलं. मग उरलेली पाचही बटणं त्याने एकेक करून विचारली. चार बरोबर होती. पाचव्याला बाई म्हणाल्या, "ते मी कधी दाबतच नाही. त्याला काही शिकवू नका." त्याने त्या बटणाला शिकवलेलं पुसून टाकलं.

गाडी पुन्हा निघाली. तीन किलोमीटर काही झालं नाही. एक गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपत आलं. धैर्यशील पुढच्या सीटमागून काकांच्या गालाकडे बघत होता.

कालव्याच्या पुलाशी तो गाल हलला.

बाईंचा अंगठा खाली गेला. गाडीत फक्त चाकांचा आवाज उरला.

"इथं…" काका म्हणाले. "चेन… पडली होती."

बाईंनी गाडी हळू केली.

"पडली होती," त्या म्हणाल्या. "आणि सायकलची चेन बसवून हात काळे झाले, ते माझ्या नव्या लुगड्याला पुसलेत. चेन तेवढी बरी आठवली."

काका हसले, एका बाजूने.

बाईंनी पुलावर गाडी वळवली आणि परत येईपर्यंत गाणं लावलं नाही.

त्यांना निरोप देऊन धैर्यशीलने पान्हे पुसून जागेवर लावले. उस्ताद बाकावर बसून होते. तो आता सोमवारचं विचारील, म्हणून ते थांबले होते. त्याने विचारलं नाही. हौदाशी गेला, कोपरापर्यंत हात धुतले, तसाच निथळत्या हातांनी परत आला.

"उस्ताद."

"हं."

"पहिल्यांदा… त्या वळणावर. काका काय सांगत असतील?"

"मला काय माहीत."

"मलाही काही अंदाज लागत नाही. मघापासून तेच चाललंय डोक्यात. बाईंना विचारायचं होतं, तिथं काय आहे म्हणून. मग वाटलं, त्यांनाही माहीत नसणार." तो उंबऱ्यावर बसला. "पुन्हा त्या वळणावरनं जातील तेव्हा सांगतील का हो ते?"

उस्ताद बाकावरून उठले.

"सोमवारी किती वाजता येऊ मी?" ते म्हणाले.